फ्रोजन ट्रान्सफरसाठी गर्भाशयाचं अस्तर तयार करताना: मिलिमीटर, तारीख आणि घड्याळ

"मॅडम, लायनिंग साडेसहाच आलंय. सायकल गेली ना?"

आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा फोन येतो. वंध्यत्व उपचारांच्या केंद्रात मी समन्वयकाचं काम करते. औषध डॉक्टर लिहून देतात. ते कधी, कसं आणि कोणत्या क्रमानं घ्यायचं हे समजावणं माझ्याकडे. फोन करणारीला आकडा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची (लायनिंगची) मिलिमीटरमधली जाडी, तोंडपाठ असतो. पण तो पाळीच्या कितव्या दिवशी मोजला, अस्तर कसं दिसत होतं, आत पाणी होतं का, हे विचारलं की पलीकडे शांतता. आणि मी पाहिलेल्या वाया गेलेल्या सायकलींपैकी बऱ्याच साडेसहामुळे गेलेल्या नाहीत. त्या पुढच्या पाच दिवसांच्या वेळापत्रकात चुकल्या.

हा लेख गोठवलेला गर्भ सोडण्याच्या, म्हणजे फ्रोजन ट्रान्सफरच्या तयारीबद्दल आहे. उपचाराच्या एका फेरीला आम्ही सायकल म्हणतो. डोस आणि दिवस लिहिलेत ते सर्वसाधारण पद्धत कळावी म्हणून. तुमच्या हातातल्या तक्त्यात वेगळं असेल तर तक्ता खरा.

## सुरुवातीला त्या ७ मिमीबद्दल

अस्तर निदान ७ मिलिमीटर हवं, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ती रेषा आहे, भिंत नाही. कॅनडातल्या चाळीस हजारांहून जास्त ट्रान्सफरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ताज्या गर्भाच्या सायकलमध्ये ८ मिमीखाली आणि फ्रोजन सायकलमध्ये ७ मिमीखाली यशाचं प्रमाण पायरीपायरीनं उतरताना दिसलं. पण उतरलं म्हणजे शून्य झालं असं नाही; ५ ते ६ मिमीच्या अस्तरावरही बाळं जन्मली. गर्भाची प्रत आणि बीजाचं वय यांचा वाटा अस्तराच्या एखाद्या मिलिमीटरपेक्षा मोठा असतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ८ आलं, मैत्रिणीचं ११ होतं, म्हणून तिची शक्यता जास्त, असं गणित नाही. पुरेसं झाल्यावर आणखी जाड झाल्याचा ठोस फायदा दिसत नाही. १४-१५ मिमीच्या पुढे गेलं तर डॉक्टर पॉलिप (अस्तरात वाढलेला मांसल कोंब) वगैरे काही नाही ना, हेच बघतात.

## टप्पा १: पाळी येण्याआधीचा महिना

सगळ्यात दुर्लक्षित टप्पा हाच. पाळीच्या दुसऱ्या दिवशी धावत येऊन जुन्या फाइली शोधायला वेळ नसतो.

एका कागदावर आधीच्या प्रत्येक सायकलचं अस्तर लिहा: कोणत्या दिवशी, किती मिमी, कोणत्या औषधावर. आययूआयच्या (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराच्या) वेळी क्लोमिफीनच्या गोळ्या चालू असताना अस्तर पातळ आलं असेल, तर ते जवळ स्पष्ट नोंदवा. ती गोळी अस्तरावर इस्ट्रोजेनच्या, म्हणजे अस्तर वाढवणाऱ्या हार्मोनच्या, उलट काम करते, त्यामुळे तेव्हाचं ५.८ आणि आत्ताचं ५.८ यांची तुलना होत नाही.

त्याच कागदावर गर्भाशयाचा इतिहास येऊ द्या. क्युरेटिंग झालंय का, गर्भपातानंतर पिशवी साफ करावी लागली का, बाळंतपणात वार अडकली होती का, सिझेरियन, क्षयरोग, ओटीपोटाला रेडिएशन. आणि एक प्रश्न जो स्त्रिया आपणहून कधीच सांगत नाहीत: त्यानंतर पाळीचा रक्तस्राव कमी झाला का? आधी चार दिवस जायची ती आता दीड दिवसात उरकते, हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर पडलं तर ते गर्भाशयाच्या आतल्या चिकटपणाचा विचार करतात. तो असेल तर गोळ्या कितीही वाढवल्या तरी अस्तर वाढणार नाही. दुर्बिणीनं आत बघून, म्हणजे हिस्टेरोस्कोपी करून, चिकटलेला भाग सोडवावा लागतो.

हिस्टेरोस्कोपी, गर्भाशयाच्या नळीत पाणी साठलं असेल तर नळी काढणं किंवा बंद करणं, अस्तराच्या जुनाट सुजेसाठी बायॉप्सी आणि गरज पडल्यास अँटिबायोटिकचा कोर्स, थायरॉइडची पातळी जागेवर आणणं: लागणार असेल तर यातलं सगळं या महिन्यात व्हायला हवं. पुढे सायकल चालू असताना यातलं काहीही घाईनं करता येत नाही. धूम्रपान असेल तर तेही इथेच थांबवा.

सावध: पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी होत असेल, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर इस्ट्रोजेनची पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. फॉर्मवर ‘लागू नाही’ लिहून पुढे जाऊ नका.

याच महिन्यात आणखी एक गोष्ट विचारून घ्या: सायकल नैसर्गिक असणार की इस्ट्रोजेनच्या गोळ्यांवर? ज्यांची पाळी नियमित आहे त्यांच्यात स्वतःच्या बीजनिर्मितीवर अस्तर तयार करता येतं. गोळ्यांच्या सायकलमध्ये तारखा हव्या तशा बसवता येतात, पण बीज फुटत नसल्यामुळे शरीरात कॉर्पस ल्युटियम (बीज फुटल्यावर बीजकोशात उरणारी, हार्मोन तयार करणारी गाठ) तयार होत नाही आणि गरोदरपणी रक्तदाब वाढण्याचा, प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका या पद्धतीत जास्त आढळतो. पाळी नियमित असूनही गोळ्याच का, हा प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तर ‘सोयीसाठी’ असू शकतं, ‘तुमचं बीज वेळेवर फुटत नाही’ असंही असू शकतं.

## टप्पा २: पहिला दिवस ठरवणं आणि बेसलाइन सोनोग्राफी

पहिला दिवस म्हणजे लाल, पॅड लागेल असा स्राव सुरू झाला तो दिवस. तपकिरी डाग धरायचे नाहीत. रात्री उशिरा सुरू झाली तर बहुतेक केंद्रं पुढचा दिवस पहिला धरतात. तुमचं केंद्र काय करतं ते विचारा आणि पूर्ण सायकलभर तीच मोजणी ठेवा. रुग्ण एक मोजणी करते, तक्ता दुसरी, आणि दहाव्या दिवसाची सोनोग्राफी अकराव्या दिवशी होते.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी योनीमार्गातून सोनोग्राफी होते. पाळी चालू असताना ती करायला संकोच वाटतो, पण हीच वेळ लागते. इथे अस्तर पातळ असायला हवं, साधारण ५ मिमीच्या आत. बीजकोशात आधीच्या महिन्याची गाठ उरलेली नको.

तपासा: अस्तर इथे ८-९ मिमी असेल तर आनंदानं गोळ्या सुरू करू नका. जुनं अस्तर पूर्ण गळलेलं नाही किंवा आत पॉलिप आहे, यातलं काहीही असू शकतं. डॉक्टर दोन दिवस थांबायला सांगतील किंवा ही सायकल सोडायला सांगतील.

## टप्पा ३: इस्ट्रोजेन

गोळ्यांच्या सायकलमध्ये बहुतेकदा एस्ट्रॅडिऑल व्हॅलरेट या इस्ट्रोजेनच्या २ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतात आणि दिवसाला ६ मिलिग्रॅम हा नेहमीचा डोस. काही जणी एकदम पूर्ण डोस घेतात, काहींचा डोस टप्प्याटप्प्यानं वाढवतात. दोन्ही पद्धती चालतात.

दिवसातून तीनदा म्हणजे आठ-आठ तासांनी. सकाळी उशिरा उठून पहिली, दुपारी दुसरी आणि झोपताना तिसरी घेतली, की दिवसभरात गर्दी होते आणि रात्री मोठी पोकळी पडते. मोबाइलवर तीन गजर लावा. नवऱ्याच्या मोबाइलवरही लावा.

गोळी विसरली तर आठवल्याबरोबर घ्या, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घेऊ नका. चुकली ती तक्त्यावर तशीच लिहा. अस्तर वाढलं नाही की डॉक्टर डोस वाढवतात. त्यांना चार गोळ्या चुकल्याचं माहीतच नसेल, तर ते न झालेल्या उपचाराला अपयशी ठरवून बसतात.

पॅच असेल तर तो ओटीपोटावर किंवा नितंबावर, कोरड्या त्वचेवर. स्तनावर कधीही नाही. जेल असेल तर लावून सुकू द्या, लगेच अंघोळ नको, आणि ती जागा लहान मुलाच्या अंगाला लागू देऊ नका. तोंडानं घ्यायची तीच गोळी कधी कधी योनीमार्गात ठेवायला सांगतात. त्यात चूक काही नाही. तोंडानं घेतलेल्या औषधातला बराच भाग यकृतात मोडतो, आणि योनीमार्गातून ते थेट गर्भाशयापर्यंत जास्त प्रमाणात पोहोचतं. असं चालू असताना रक्तातली एस्ट्रॅडिऑलची पातळी चढी आली म्हणून घाबरून गोळी बंद करणाऱ्या मला भेटल्या आहेत. करू नका.

नैसर्गिक सायकलमध्ये हा टप्पा बीजकोशातला फॉलिकल (बीज वाढतं ती पाण्याची पिशवी) स्वतः पार पाडतो. तुमचं काम ठरलेल्या दिवशी सोनोग्राफीला हजर राहणं, एवढंच.

## टप्पा ४: सोनोग्राफी आणि रिपोर्ट वाचणं

गोळ्या सुरू होऊन साधारण दहा ते चौदा दिवसांनी मोजमाप होतं. सहाव्या दिवशी स्वतःच्या हट्टानं सोनोग्राफी करून ५.५ बघून रडण्यात अर्थ नाही. अस्तर वाढायला दिवस लागतातच.

पडद्यावर गर्भाशय लांबीत उभं दिसेल असं धरतात आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंचं अस्तर मिळून, सगळ्यात जाड जागी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजतात. कडेचा काळपट पट्टा स्नायूचा असतो, तो धरायचा नाही. आत पाणी असेल तर तेही वजा करायचं. एका रिपोर्टवर मी ९.२ वाचलं होतं. आमच्या डॉक्टरांनी चित्र मोठं करून पाहिलं तर मधोमध २.५ मिमीची काळी फट होती. पाणी. खरं अस्तर ६.७. पाण्यामुळे आकडा फुगला होता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते पाणी कुठून येतंय हा वेगळाच प्रश्न उभा राहिला. नळी फुगलेली निघाली.

म्हणून रिपोर्ट हातात आला की चार गोष्टी बघा. किती मिमी. पाळीचा किंवा गोळ्यांचा कितवा दिवस. तीन रेषा दिसतात का, म्हणजे ‘ट्रिपल लाइन’ लिहिलंय का. पोकळीत पाणी आहे की नाही. शेवटच्या दोन लिहिलेल्या नसतील तर सोनोग्राफी टेबलावरून उठण्याआधीच विचारा. नंतर चित्रावरून सांगणं कठीण जातं. जमल्यास प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी मोजा. वेगळं मशीन, वेगळा हात यात अर्ध्या-एक मिमीचा फरक सहज पडतो. सकाळी एका ठिकाणी ६.८ आणि संध्याकाळी दुसरीकडे ७.३ आलं, तर दिवसभरात अस्तर वाढलं असं समजू नका.

तीन रेषा हा इस्ट्रोजेनचा परिणाम. त्या पुसून अस्तर एकसारखं पांढरट झालं असेल आणि तुम्ही प्रोजेस्टेरॉन (अस्तराला गर्भ स्वीकारायला तयार करणारं हार्मोन) अजून सुरू केलेलं नसेल, तर शरीरानं ते स्वतःच सुरू केलं असण्याची शक्यता आहे: गोळ्या चालू असतानाही बीज फुटलं असेल.

तपासा: प्रोजेस्टेरॉन सुरू करण्याआधी रक्तातली त्याची पातळी बघून घ्यायची का, हे विचारा. बरीच केंद्रं ती १.५ नॅनोग्रॅमच्या आत असल्याची खात्री करतात. अस्तर ९ मिमी आणि पातळी ४ आली, तर आकडा कितीही सुंदर असो, वेळ निघून गेलेली असते.

## टप्पा ५: कमी आलं तर

क्रम महत्त्वाचा आहे, आणि लोक नेमका उलटा धरतात. ६.२ आलं की रात्रीत मोबाइलवर शोधून पीआरपीची (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स गर्भाशयात सोडण्याची) चौकशी सुरू.

सर्वात आधी वेळ द्या. इस्ट्रोजेन आणखी पाच-सात दिवस चालू ठेवण्यानं बऱ्याच जणींचं अस्तर पुढे सरकतं, आणि थोडं जास्त दिवस इस्ट्रोजेन घेतल्यानं सायकल बिघडत नाही. फार लांबलं तर मध्येच रक्त जायला लागतं, म्हणून हे डॉक्टरांच्या नजरेखालीच. त्याच वेळी मार्ग बदलता येतो: तोंडाऐवजी योनीमार्ग, किंवा सोबत पॅच. मग डोस. तरीही हललं नाही तर पुढच्या वेळी पद्धतच बदलून नैसर्गिक सायकल किंवा लेट्रोझोल या गोळीवर बीज वाढवून बघणं. आणि गर्भाशय आतून बघितलेलं नसेल तर हिस्टेरोस्कोपी, ती टाळू नये.

यानंतर उरतात ते जोड उपचार: ॲस्पिरिन, सिल्डेनाफिल, पेंटॉक्सिफायलिन आणि ‘ई’ जीवनसत्त्व, जी-सीएसएफ, पीआरपी. काहींमध्ये अस्तर थोडं वाढल्याचे छोटे अभ्यास आहेत. बाळ घरी नेण्याचं प्रमाण वाढतं याचा भक्कम पुरावा नाही. अस्तराला ओरखडा काढण्याचा उपायही कधीकाळी जोरात होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत जिवंत बाळाचं प्रमाण सारखंच, २६.१ टक्के निघालं. अस्तराची ‘खिडकी’, म्हणजे गर्भ स्वीकारण्याची वेळ, शोधणाऱ्या जनुकीय तपासणीचंही तसंच: २०२२ च्या चाचणीत तिच्यावर वेळ ठरवून फायदा झाला नाही. माझं मत विचाराल तर, कारण न शोधता सुचवलेल्या जोड उपचाराला ‘याचा बाळाच्या जन्मावर काय परिणाम दिसलाय?’ एवढा एकच प्रश्न विचारा. ‘अस्तर वाढतं’ हे त्याचं उत्तर होत नाही.

काय खाल्लं की अस्तर वाढतं? सिद्ध झालेलं काहीही नाही. पुढे जाऊ.

अमुक एका सायकलमध्ये प्रयत्न करूनही ६.५ वरच थांबलं आणि आधीच्या सायकलींतही तेच झालं असेल, तर तुमच्यासाठी तेच जास्तीत जास्त असू शकतं. मग तीन रेषा आणि रिकामी पोकळी बघून ट्रान्सफर करायचा निर्णय अनेक डॉक्टर घेतात. ज्यांचा एकच गर्भ शिल्लक आहे त्यांनी हे आधीच बोलून ठेवावं, सोनोग्राफी टेबलावर नव्हे.

## टप्पा ६: प्रोजेस्टेरॉन, इथे घड्याळ चालू होतं

इथपर्यंत चार दिवस इकडेतिकडे चालून जातात. इथून पुढे बारा तासही मोजले जातात. प्रोजेस्टेरॉनचा पहिला डोस गेला की अस्तर गर्भ स्वीकारण्याच्या वाटेला लागतं, आणि ते परत फिरत नाही.

पाचव्या दिवसाचा गर्भ, म्हणजे ब्लास्टोसिस्ट, प्रोजेस्टेरॉनचे पाच पूर्ण दिवस झाल्यावर सोडतात. सोमवारी सकाळी आठला पहिला डोस घेतला तर शनिवारी सकाळी आठला १२० तास भरतात, ट्रान्सफर शनिवारी. बोटांवर मोजाल तर शनिवार हा प्रोजेस्टेरॉनचा सहावा दिवस. ‘पाच दिवस’ आणि ‘सहावा दिवस’ एकच आहेत, हे न कळल्यामुळे होणारा गोंधळ मी मोजणं सोडून दिलंय. गर्भ तिसऱ्या दिवशी गोठवला असेल तर हिशेब वेगळा: प्रोजेस्टेरॉनच्या चौथ्या दिवशी. म्हणून तुमचे गर्भ कितव्या दिवशी गोठवलेत, हे तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.

एक प्रसंग सांगते, चूक माझीही होती. तक्त्यावर मी लिहिलं, ‘१४ तारीख, रात्री १२ पासून’. माझ्या मनात होतं १४ चा दिवस संपतानाचे बारा. तिनं १३ ची रात्र संपून १४ सुरू होतानाचे बारा धरले. दोघीही आपापल्या जागी बरोबर, आणि चोवीस तासांचा फरक. ती सायकल रद्द करावी लागली. त्या दिवसापासून मी ‘रात्री १२’ लिहीत नाही. वार, तारीख आणि ‘सकाळी ८’ किंवा ‘रात्री ९’ असं लिहिते. तुमच्या तक्त्यावर बारा दिसले तर फोन करून वार विचारा.

सावध: डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून ‘सुरू करा’ म्हटल्याशिवाय पहिला डोस नाही. औषध घरी आणून ठेवलंय, तक्त्यावर अंदाजे तारीख आहे, म्हणून सुरू करणं ही सायकल बुडवणारी सगळ्यात साधी चूक.

चुकून आधी सुरू झालंच, तर लपवू नका. त्याच तासाला कळवा. ट्रान्सफरची वेळ एखादे वेळी पुढे-मागे घेता येते, पण गर्भ वितळवायच्या आधी.

योनीमार्गातलं प्रोजेस्टेरॉन बोटानं जमेल तितकं आत ठेवायचं आणि थोडा वेळ आडवं राहायचं. नंतर पांढरं बाहेर येतं. ते औषधाचं वेष्टण आणि उरलेला भाग असतो. औषध वाया गेलं समजून लगेच दुसरी ठेवू नका. ट्रान्सफरच्या सुमाराला रक्तातली पातळी तपासली आणि ती १० नॅनोग्रॅमच्या खाली आली, तर अनेक ठिकाणी इंजेक्शनची जोड देतात. इंजेक्शन तेलातलं असतं, स्नायूत खोल द्यावं लागतं आणि जागा दुखते. रोज बाजू बदलून घ्या.

प्रोजेस्टेरॉन चालू झालं म्हणून इस्ट्रोजेन बंद करायचं नाही. हा इतका वारंवार होणारा घोळ आहे की मी तक्त्यावर लाल शाईनं लिहिते: दोन्ही चालू.

नैसर्गिक सायकलमध्ये घड्याळ बीज फुटण्यापासून चालतं. बीज फुटावं म्हणून ट्रिगरचं इंजेक्शन दिलं असेल तर ब्लास्टोसिस्ट साधारण त्याच्या सातव्या दिवशी सोडतात. तिथे ट्रिगरची वेळ हीच तुमची पवित्र वेळ. मिनिटांसकट लिहून ठेवा.

## टप्पा ७: ट्रान्सफर आणि नंतर

या दिवसांत अस्तर परत मोजायचा आग्रह धरू नका. प्रोजेस्टेरॉननंतर ते घट्ट होऊन थोडं कमी दिसू शकतं आणि मग उगाच जीव टांगणीला लागतो.

ट्रान्सफरला मूत्राशय मध्यम भरलेलं हवं, फुटेल इतकं नको. झाल्यावर पडून राहिल्यानं गर्भ जास्त चिकटतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उठा, घरी जा, रोजची हलकी कामं करा.

नंतरची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डाग दिसले की ‘पाळी आली’ समजून औषधं थांबवणं. गोळ्यांच्या सायकलमध्ये गर्भाला सांभाळणारं प्रोजेस्टेरॉन तुमच्या हातातल्या पाकिटातूनच येतं. डाग असोत, नसोत, गर्भधारणेसाठीची रक्ताची बीटा एचसीजी तपासणी होऊन डॉक्टर सांगेपर्यंत सगळं चालू. घरची लघवीची चाचणी निगेटिव्ह आली तरीही. पॉझिटिव्ह आल्यावर गोळ्यांच्या सायकलमध्ये औषधं साधारण दहा ते बारा आठवड्यांपर्यंत चालतात, कारण तोवर वारेनं हे काम पूर्णपणे हाती घेतलेलं असतं. पाकीट संपायच्या तीन दिवस आधी पुढचं आणून ठेवा. एका पायाला सूज येऊन पोटरी दुखली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर वाट बघू नका, त्याच वेळी रुग्णालय गाठा.

निकाल काहीही लागो, तक्ता टाकून देऊ नका. बेसलाइनचं अस्तर, इस्ट्रोजेन किती दिवस आणि कोणत्या मार्गानं, प्रोजेस्टेरॉनच्या आधीचं मोजमाप, तीन रेषा होत्या की नाही, प्रोजेस्टेरॉनचा पहिला डोस कोणत्या वारी किती वाजता, चुकलेल्या गोळ्या. एका पानावर मावतं. पुन्हा ट्रान्सफर करायची झालीच, तर पहिल्या भेटीत हेच पान डॉक्टरांपुढे ठेवा.